फोनवरचा आवाज ‘चांगला’ आहे हे ठरवायचं कोणी?

तत्त्वज्ञानाच्या माणसाने टेलिफोनवर काय बोलावं, असं दोघातिघांनी विचारलं. पण ‘चांगलं’ म्हणताना आपण नेमकं काय मोजतो, हाच तर आमचा जन्माचा विषय. आणि टेलिफोनवाल्यांना तो प्रश्न टाळता आला नाही.

इथल्या जुन्या लोकांना ट्रंक कॉल आठवत असेल. मुंबईचा चाकरमानी तिकडून ओरडतोय, रत्नागिरीत आपण ओरडतोय. आमच्याकडे एकदा ‘आत्या बरी नाही’ हे ‘आत्या बरी आहे’ असं ऐकलं गेलं. दुसऱ्या दिवशी तार आली. आत्याची भेट राहिली ती राहिलीच. खरखरीत एक अक्षर गेलं, एवढंच.

ते का जातं? तार जितकी लांब तितकी आवाजाची शक्ती घटते. हे मोजायचं माप डेसिबल. दहा डेसिबल घट म्हणजे शक्तीचा दहावा भाग उरला, तीस डेसिबल म्हणजे हजारावा. म्हणून वाटेत ठिकठिकाणी आवाज वाढवणारी यंत्रं बसवत. पण बिचारं यंत्र आवाजाबरोबर खरखरही वाढवतं, आणि टप्प्याटप्प्याने ती साठत जाते. त्यात आपला पाऊस, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर! केबलच्या सांध्यात पाणी शिरलं की तारेवरचं इन्सुलेशन दुबळं होतं, वीज झिरपते, लाइन कडकडते. मग लाइनमन मेगर लावून सांधा शोधत फिरणार.

देखभालीची पद्धत तशी सरळ होती. एका टोकाला एक मिलिवॅट शक्तीचा, साधारण हजार हर्ट्झचा सूर सोडायचा आणि दुसऱ्या टोकाला किती पोचला ते पाहायचं. पण खरखर मोजताना गंमत झाली. सगळीच खरखर कानाला सारखी टोचत नाही. अगदी खालचा गुरगुराट आपण सहन करतो, मधल्या पट्टीतली सळसळ मात्र बोलणं खाते. म्हणून सोफोमीटर नावाच्या यंत्रात कानाची ही आवडनिवड मुद्दाम घातली गेली. म्हणजे बघा, पक्षपात केला तेव्हाच माप खरं झालं!

एवढं करूनही आकडे उत्तम आणि लोकांची तक्रार कायम, असं होतंच. शेवटी इंजिनिअरांनी माणसांनाच विचारलं. शांत खोलीत लोकांना बसवायचं, वाक्यं ऐकवायची, एक ते पाच गुण द्यायला सांगायचं. पाच म्हणजे उत्तम, एक म्हणजे अगदी वाईट. मग सरासरी काढायची. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने ही रीत प्रमाण मानली आहे. पुढे 2001 मध्ये याच संघाने संगणकाची एक पद्धत मान्य केली. पाठवलेला आणि पोचलेला आवाज ताडून ती गुण देते. पण ते गुण म्हणजे माणसांनी काय दिले असते याचा अंदाजच. कर्ता माणूसच राहिला.

डिजिटल जमान्यात आवाजाचे सेकंदाला 8000 नमुने घेऊन आकडे पाठवू लागले. आकडे वाटेत पुन्हा स्वच्छ लिहून काढता येतात, त्यामुळे खरखर साठत नाही. तरी वारंवारतेची पट्टी जुनीच राहिली, 300 ते 3400 हर्ट्झ. ‘स’चा बराचसा जोर त्याच्या वर असतो, म्हणून फोनवर नाव सांगताना ‘सशातला स’ म्हणावं लागायचं. हल्लीच्या फोर-जी कॉलवर पट्टी सात हजारांपर्यंत जाते. नातवंडांचा आवाज जवळचा वाटतो तो त्यामुळे. इंटरनेटवरच्या कॉलला मात्र उशिराचा रोग आहे. एका दिशेने 150 मिलिसेकंदांपर्यंत चालतं. फार वाढला की दोघं एकदम बोलतात, दोघं एकदम थांबतात, आणि उगाच वाटतं की समोरचा तुटक वागतोय.

शेवटची गोष्ट. मोबाइलवर आपण गप्प झालो की यंत्रणा आवाज पाठवणं बरंचसं थांबवते. पण पूर्ण शांतता झाली की ऐकणारा घाबरून म्हणतो, ‘हॅलो, आहेस ना?’ म्हणून त्याच्याच फोनमध्ये मंद खरखर तयार करून ऐकवतात. तिला नाव आहे ‘कम्फर्ट नॉइज’. ज्या खरखरीने आमची आत्या नेली, ती आता आपण मुद्दाम मागवून घेतो.

हं, आता प्रश्न विचारा.