माळवदाचा ढाळ आणि संगणकीय आराखडा

मोहोळ परिसरातील जुन्या माळवदी घरास आपण सहज ‘सपाट छपराचे’ म्हणतो. वस्तुतः त्यासही ढाळ असतो. एरवी पावसाचे पाणी पन्हाळीपर्यंत जाणार नाही. मात्र कौलारू छपरात वासेच तिरपे असतात, तर माळवदात तुळया समपातळीत राहून ढाळ वरच्या पांढऱ्या मातीस दिलेला असतो. उतार नेमका कशाचा, हा प्रश्न भाषाभ्यासकाचा वाटेल. परंतु ‘रेव्हिट’सारखी आज्ञावली तोच प्रथम विचारते.

छपरास नुसता कोन दिला, तर सर्व थर एकदम कलतात आणि आराखड्यात नसलेलेच घर उभे राहते. त्याऐवजी छप्पर सपाट काढावे, केवळ मातीचा थर बदलत्या जाडीचा ठरवावा आणि मग माथ्यावरील बिंदू उचलावेत. सहा मीटर लांबीवर साठास एक असा ढाळ धरल्यास एका टोकास माती १० सेंटिमीटर अधिक, म्हणजे सरासरी ५ सेंटिमीटर पडते. मातीचे वजन घनमीटरास १६०० किलोग्रॅम मानले, तर चौरस मीटरमागे ८० किलोग्रॅम भार वाढतो. भिजल्यावर त्याहूनही अधिक. जुन्या तुळयांची ताकद तपासताना एवढा भार हिशेबातून सुटणे धोक्याचे होय.

भिंतीविषयी थोडक्यात. या आज्ञावलीच्या २०२१ च्या आवृत्तीत कललेली भिंत आली, निमुळती भिंत २०२२ च्या. पायाशी रुंद असलेल्या मातीच्या भिंतीस दुसरीच सोय लागते. शंका असल्यास आतील बाजूस ओळंबा सोडावा. तो भिंतीस सरळ लागून राहिला आणि बाहेरची बाजू तिरपी असली, तर भिंत निमुळती समजावी.