काँक्रीटवरील लाकडी जमीन आणि ओलावा

काँक्रीटच्या थरावर साग वा ओक यांच्या फळ्या बसविल्यानंतर काही महिन्यांत त्यांच्या कडा वर आल्या, तर दोष बहुधा लाकडास दिला जातो. वस्तुतः त्याचे मूळ पुष्कळदा खालच्या थरात असते. काँक्रीट कालविताना घातलेल्या पाण्यापैकी काही भागच सिमेंटशी संयोग पावतो. उरलेले पाणी सूक्ष्म रंध्रांतून सावकाश बाहेर पडते. थर वरच्या बाजूनेच वाळत असल्यास पृष्ठभाग कोरडा दिसूनही आतील भाग ओला राहतो. वर फळ्या पसरल्या की बाष्पाची वाट अडते, आतील ओलावा पृष्ठभागापर्यंत पसरतो आणि फळीची खालची बाजू फुगू लागते. लाकडाचे प्रसरण लांबीपेक्षा रुंदीत कितीतरी अधिक होत असल्याने फळी पन्हळीसारखी वाकते.

यास्तव केवळ पृष्ठभागाची परीक्षा पुरेशी नव्हे. अशा थरात जाडीच्या ४० टक्के खोलीवर छिद्र पाडून तेथील सापेक्ष आर्द्रता मोजतात. १०० मिलिमीटर थरात ही खोली ४० मिलिमीटर होय. थर झाकल्यानंतरच्या स्थितीची कल्पना या मापनावरून येते.

तथापि, भूतलावरील थराखाली पॉलिथिनचा अखंड पडदा नसेल, तर मातीतील बाष्प वर येतच राहते. तेथे थर वाळण्याची प्रतीक्षा निष्फळ ठरते; काँक्रीट व लाकूड यांच्यामध्ये बाष्परोधक लेप देणे अवश्य होते. वाकलेली फळी ओली असतानाच घासून सपाट करणे हा उपाय नव्हे. ती वाळताच कडा खाली जाऊन मध्यभाग उंच राहतो.