खलित्याची वाट

कोल्हापुरात रिक्षात बसून ‘साईक्स एक्स्टेन्शन’ म्हटले की पुढे पत्ता सांगावा लागत नाही. जयंती नाल्यावरच्या पुलाला अजून ‘विल्सन पूल’ म्हणतात. शहाजी लॉ कॉलेज 1933 मध्ये निघाले ते साईक्स लॉ कॉलेज या नावाने. सर लेस्ली विल्सन 1923 पासून 1928 पर्यंत मुंबईचे गव्हर्नर होते आणि त्यांच्या पाठोपाठ सर फ्रेडरिक साईक्स 1933 पर्यंत. नावे इथे इतकी मुरली आहेत की एक साधा प्रश्न कुणी विचारत नाही. कोल्हापूर मुंबई इलाख्यात नव्हतेच. छत्रपतींचे वेगळे संस्थान होते. शेतसारा दरबारच्या तिजोरीत जाई, कोर्टे दरबारची, हुकूम करवीर सरकारच्या गॅझेटात छापले जात. मग मुंबईच्या गव्हर्नरचा इथे संबंध काय?

आधी गव्हर्नर म्हणजे कोण ते पाहू. पंजाब किंवा मध्य प्रांतासारख्या ठिकाणी प्रांताचा मुख्य बहुधा मुलकी सेवेत वर चढत गेलेला अधिकारी असे. मुंबई आणि मद्रासची गोष्ट निराळी. इथला गव्हर्नर विलायतेतून, तिथल्या राजकारणातून, साधारण पाच वर्षांसाठी येई आणि लंडनच्या भारतमंत्र्यांशी त्याला थेट पत्रव्यवहार करता येई. लॉर्ड हॅरिस हिंदुस्थानात येण्यापूर्वी इंग्लंडच्या क्रिकेट संघाचे कर्णधार होते; लॉर्ड विलिंग्डन पार्लमेंटात बसून आलेले. हिवाळ्यात मुक्काम मुंबईला, उन्हाळ्यात महाबळेश्वरला आणि पावसाळ्यात पुण्याच्या गणेशखिंडीत, म्हणजे आज पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत आहे तिथे. गव्हर्नर एकटा हुकूम काढत नसे. त्याचे कार्यकारी मंडळ असे आणि निर्णय ‘गव्हर्नर इन कौन्सिल’च्या नावाने निघत.

या माणसाचा हात कोल्हापुरापर्यंत पोचला तो एका झटक्यात नव्हे. 1812 च्या तहात कोल्हापूरने मालवणचे बंदर इंग्रजांना दिले, तेव्हा दोन सत्ता समोरासमोर बसून बोलत होत्या असे म्हणता येते. पुढच्या तहांनी ते अंतर कमी होत गेले. 1844 मध्ये सामानगड, भुदरगड, पन्हाळा इथल्या गडकऱ्यांनी बंड केले. किल्ल्यांच्या नोकरीवर पिढ्यान्‌पिढ्या जगलेल्या त्या माणसांच्या वतनांना धक्का लागला होता. बंड मोडल्यावर कारभार इंग्रज पोलिटिकल सुपरिंटेंडंटच्या हाती गेला. त्यांतल्या मेजर ग्रॅहॅम यांनी 1854 मध्ये संस्थानाचा जाडजूड अहवाल छापला. 1857 च्या जुलै महिन्याच्या अखेरीस इथल्या 27 व्या पलटणीने उठाव केला आणि पुढे राजबंधू चिमासाहेबांना कराचीला नेऊन ठेवण्यात आले. 1862 च्या करारात राज्यकारभार राजांकडे परत आला, पण अटींसह: महत्त्वाच्या बाबतीत ब्रिटिश सरकारचा सल्ला मानायचा आणि विशाळगड, बावडा, कागल, इचलकरंजी अशा मोठ्या जहागिरींवर इंग्रज अधिकाऱ्याचीही नजर राहायची. ही दुसरी अट मला सगळ्यांत जड वाटते. आपल्याच सरदाराशी बोलताना राजाला तिसऱ्या माणसाला सोबत घ्यावे लागे.

तो तिसरा माणूस म्हणजे कोल्हापूरच्या रेसिडेन्सीत राहणारा पोलिटिकल एजंट. त्याला पुढे रेसिडेंट म्हणू लागले. दरबारला मुंबईशी बोलायचे तर वाट त्याच्या टेबलावरून जाई. दिवाण कागद तयार करत. एजंट त्यावर आपला अभिप्राय जोडून तो मुंबईच्या पोलिटिकल खात्याकडे धाडी. तिथून प्रकरण गव्हर्नर आणि मंडळापुढे. मोठी बाब असेल तर त्याच्याही वर कलकत्त्याला किंवा सिमल्याला व्हाइसरॉयकडे आणि क्वचित लंडनला. उत्तर त्याच पायऱ्यांनी खाली येई. गव्हर्नरने कोल्हापूर आयुष्यात दोनदा पाहिलेले असो वा नसो, त्याच्यापुढे येणारे कोल्हापूर एजंटाच्या अभिप्रायातून गाळून आलेले असे.

ही शिडी चालताना पाहायची तर वेदोक्त प्रकरण घ्यावे. 1899 मध्ये पंचगंगेवरच्या स्नानाच्या वेळी शाहू महाराजांसाठी पुराणोक्त मंत्र म्हटले जात असल्याचे उघड झाले आणि वाद पेटला. वेदोक्त करण्यास नकार देणाऱ्या राजोपाध्यांचे वतन महाराजांनी 1902 मध्ये जप्त केले. राजोपाध्ये आधी एजंटाकडे गेले, मग मुंबई सरकारकडे, शेवटी व्हाइसरॉय कर्झन यांच्याकडे. 1905 पर्यंत तिन्ही पायऱ्यांवर निकाल महाराजांच्या बाजूने लागला. म्हणजे राजाच्या हुकुमाविरुद्धची फिर्यादही याच शिडीने वर चढे.

त्याच 1902 मध्ये, 26 जुलैला, मागासलेल्या वर्गांसाठी रिकाम्या होणाऱ्या सरकारी नोकऱ्यांपैकी 50 टक्के राखून ठेवण्याचा हुकूम करवीर गॅझेटात निघाला. महाराज तेव्हा विलायतेत होते. असा हुकूम इलाख्यात काढायचा तर गव्हर्नरच्या मंडळात आणि सचिवालयात किती टेबले ओलांडावी लागली असती, याचा विचार करून पाहावा. संस्थानाच्या हद्दीत राजाच्या सहीला जेवढी जागा उरली होती तेवढी शाहू महाराजांनी पुरेपूर वापरली.

गव्हर्नरचा हात सर्वांत जड पडे तो गादी रिकामी असताना किंवा राजा कारभार पाहू शकत नसताना. दत्तक कोण घ्यायचा, शिक्षक कोण नेमायचा, अधिकार कधी द्यायचे, सगळ्याला सरकारची संमती लागे. चौथ्या शिवाजी महाराजांना वेडे ठरवून जी वागणूक दिली गेली, तिच्यावर ‘केसरी’ आणि ‘मराठा’ने टीका केली. दिवाण बर्वे यांनी बदनामीचा खटला भरला आणि टिळक-आगरकरांना 1882 मध्ये डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढावे लागले. पुढच्याच वर्षी, 25 डिसेंबर 1883 ला, महाराज अहमदनगरच्या किल्ल्यात रखवालदार गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर मृत्यू पावले. ते वाचताना आजही मन सुन्न होते.

1884 मध्ये कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव दत्तक आले आणि शाहू झाले. राजकोट, मग धारवाड, शिक्षक स्टुअर्ट फ्रेझर, ही दहा वर्षांची व्यवस्था सरकारच्या नजरेखाली पार पडली. 2 एप्रिल 1894 ला गव्हर्नर लॉर्ड हॅरिस स्वतः कोल्हापुरात आले आणि दरबार भरवून त्यांनी अधिकार सुपूर्द केले. कोल्हापूरच्या महाराजांना 19 तोफांची सलामी आणि मुंबईच्या गव्हर्नरला 17. ज्याला तोफा कमी, त्याने अधिकार द्यायचे आणि ज्याला जास्त, त्याने ते घ्यायचे.

1933 मध्ये ही वाट बदलली. दक्षिणेतल्या संस्थानांची ‘डेक्कन स्टेट्स एजन्सी’ झाली, कोल्हापूरचा रेसिडेंट थेट दिल्लीशी जोडला गेला आणि मुंबईच्या गव्हर्नरची मधली पायरी गळाली. विल्सन साहेबांचा पुतळा मात्र भर चौकात उभाच होता. 1942 च्या आंदोलनात भागीरथीबाई तांबट आणि जयाबाई हवीरे या दोघींनी तो विद्रूप केला आणि पुढच्या वर्षी क्रांतिकारकांनी फोडला. 1945 मध्ये भालजी पेंढारकरांच्या पुढाकाराने त्याच जागी शिवाजी महाराजांचा अर्धपुतळा बसला. तोच आपला शिवाजी चौक.

मग 1 मार्च 1949 ला संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. रेसिडेन्सीतला साहेब गेला, कोल्हापूर जिल्हा झाला, कलेक्टर आले. मुंबईचे गव्हर्नर तेव्हा राजा महाराज सिंग होते; आणि कोल्हापूर पहिल्यांदाच मुंबईच्या गव्हर्नरच्या प्रांतात मोडू लागले.