कासचें फुलांचें पठार

औरंगपुऱ्याच्या रहिवाशांस बाग म्हटली म्हणजे हिमायत बाग किंवा बीबीच्या मकबऱ्याभोंवतींचें उद्यान आठवतें. तेथें पाणी खेळवावें लागलें, माळी राबवावे लागले. सातारा जिल्ह्यांतील कासच्या पठारावर मात्र माळी नाहीं, पाट नाहीं, खत नाहीं. तरीही भाद्रपदाच्या सुमारास तेथें कोसभर फुलांचे गालिचे पसरतात. हें घडतें कसें, तें समजून घेऊन पठार पाहिल्यास आनंद दुणावतो.

कास हें साताऱ्याच्या पश्चिमेस सुमारें 25 किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून सुमारें 1200 मीटर उंचीवर आहे. पठाराच्या माथ्यावर जांभा दगडाचा थर आहे. दीर्घकाळ कोसळणाऱ्या पावसानें मूळच्या काळ्या पाषाणांतील विरघळणारीं द्रव्यें वाहून गेलीं, लोहाचे व ॲल्युमिनियमचे अंश मागें राहिले. त्यांचाच हा जांभा बनला. त्यावरील मातीचा थर इतका पातळ आहे कीं, मोठ्या वृक्षाचें मूळ तेथें सहसा रुजत नाहीं. उन्हाळ्यांत खडक उघडा पडतो, पावसाळ्यांत जागोजाग पाणी सांचतें. अशा ठिकाणीं टिकण्याचा एक उपाय वनस्पतींनीं शोधला. बीजाच्या वा कंदाच्या रूपानें कोरडे महिने निजून काढावयाचे आणि पाऊस येतांच उगवून, फुलून, बीं धरून मोकळें व्हावयाचें. सर्वांसच घाई, म्हणूनच एकाच वेळीं फुलांची ही गर्दी!

तेरड्याचा गुलाबी, सोनकीचा पिवळा, गेंदाचा पांढरा असे रंग पाळीपाळीनें बदलत जातात. या मातींत नत्र थोडें असतें. ती उणीव कांहीं वनस्पती किडे खाऊन भरून काढितात. दवबिंदु आपल्या चिकट थेंबांत किडा अडकवितो, तर सीतेचीं आसवें म्हणून ओळखली जाणारी नाजूक वनस्पती सूक्ष्म पिशव्यांत बारीक जीव पकडते. टोपली कारवी सामान्यतः सात वर्षांनीं एकदांच बहरते. वायतुऱ्याच्या तर शास्त्रीय नांवांतच साताऱ्याचा उल्लेख आहे. या परिसरांत फुलझाडांच्या 850 हून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. 2012 सालीं युनेस्कोनें पश्चिम घाटांतील 39 स्थळांस जागतिक वारसा मानलें, त्यांत कासही आहे.

या कीर्तीबरोबर गर्दी आली आणि तिच्याबरोबर संकटही. छायाचित्रासाठीं कोणी ताटव्यांत बसला, तर चिरडलेलें फूल बीं धरीत नाहीं. आणि बीं पडलें नाहीं, तर पुढील वर्षीं तेथें उगवावयाचें काय? पायांखालीं दडपलेली माती पाणी शोषीत नाहीं, सुटलेली माती पावसाबरोबर वाहून जाते, आणि तो बोटभर थर पुन्हां जमण्यास मनुष्याचें आयुष्य पुरत नाहीं. म्हणून हंगामांत दररोज ठरावीक संख्येनेंच प्रवेश मिळतो व आधीं नोंदणी करावी लागते. हा जांच न समजतां उपकार समजावा.

औरंगपुऱ्याहून अहिल्यानगर-पुणें मार्गें सातारा सुमारें 350 किलोमीटर पडतें. ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरच्या आरंभापर्यंतचा काळ उत्तम. सकाळीं लवकर पोहोंचावें, आंखलेली वाट सोडूं नये, फूल तोडूं नये. ज्यांस इतका प्रवास साधत नाहीं, त्यांनीं खुलताबादेजवळील म्हैसमाळचा डोंगर श्रावणांत पाहावा. तेथेंही गवताआड लहान फुलें असतात, आणि तेथेंही पाऊल जपूनच टाकलें पाहिजे.