ऑनलाइन पोकर : दस्तुरी आणि तिचा परतावा

रेक : पोकरमध्ये खेळाडू परस्परांविरुद्ध पैजा लावीत असल्यामुळे कोणाच्याही हारजितीत चालकाचा हितसंबंध नसतो, त्याची प्राप्ती म्हणजे डावात साचलेल्या रकमेतून, बहुधा शेकडा ५ पर्यंत आणि ठरावीक कमाल मर्यादेच्या आत, कापून घेतली जाणारी दस्तुरी. स्पर्धांत ती प्रवेशशुल्काबरोबरच वसूल होते.

रेकबॅक : भरलेल्या दस्तुरीचा काही अंश परत. त्यासाठीचे गुण जिंकण्यावर नव्हे, भरलेल्या दस्तुरीवर मिळतात. म्हणजे हे बक्षीस मूळचे खेळाडूच्याच खिशातले.

स्वागत-बोनस : पहिल्या भरण्यावर जाहीर होणारी ही रक्कम तत्काळ हाती न येता, विहित मुदतीत पुरेशी दस्तुरी भरली गेल्यावर बहुधा हप्त्याहप्त्याने मोकळी होते.

सनावळी : १९९८ : ‘प्लॅनेट पोकर’वर पैशांचे डाव सुरू. २००३ : ऑनलाइन पात्रता-फेरीतून आलेला अमेरिकन हिशेबनीस ख्रिस मनीमेकर विश्वविजेता; बक्षीस २५ लाख डॉलर.

भारतात : २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने, कौशल्य की दैव हा न्यायालयांत दीर्घकाळ चर्चिला गेलेला भेद बाजूस सारून, पैशांचे सर्व ऑनलाइन खेळ निषिद्ध ठरविले. चालकास ३ वर्षांपर्यंत कैद, १ कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जाहिरातदारास २ वर्षे, ५० लाख. निव्वळ खेळणाऱ्यास शिक्षा नाही.