गोधडीची शिलाई आणि यंत्राची गती

जुन्या लुगड्यांची गोधडी, जिला कित्येक गावी वाकळ म्हणतात, ती आता शिवणयंत्रावरही शिवली जाते. तिच्यावर वेलबुट्टी काढावयाची असल्यास यंत्राचे दाते खाली उतरवून किंवा पट्टीने झाकून, रफूचा फूट लावून, कापड दोन्ही हातांनी फिरवावे लागते. दाते कापड ओढीत नसल्यामुळे टाक्याची लांबी हात व सुई यांच्या वेगांवर अवलंबून राहते. सुई मिनिटाला ६०० टाके घालीत असता कापड १५० सेंटीमीटर सरकले, तर टाका अडीच मिलिमीटरांचा पडतो. सुई धावली व हात रेंगाळला, तर टाके दाटतात आणि दोरा तुटतो. उलट कापड घाईने ओढले, तर सुई वाकून मोडते व प्रसंगी बोटास इजा होते.

यासाठी महागडे यंत्र घेण्याचे कारण नाही. पायाने चालविण्याच्या यंत्राचा वेग सर्वस्वी शिवणाऱ्याच्या ताब्यात असतो. विजेची मोटर असल्यास प्लग काढून पेडलच्या वरच्या झडपेखाली रबराचा तुकडा घट्ट बसवावा. म्हणजे पेडल ठराविक मर्यादेपलीकडे दाबले जात नाही. पेडल तापू लागल्यास काम थांबवावे. पंख्याचा रेग्युलेटर मात्र मोटरीस जोडू नये. तो या कामासाठी बनविलेला नसतो.

शिवणवर्गातील शिक्षिकांनी प्रथम निरुपयोगी कापडाचे तितकेच पदर घेऊन सराव करवून घ्यावा. हात व पाय यांची लय जुळल्यानंतरच घरातील लुगड्यांना सुई लावावी.