डीएनए-क्षतीचे आंतरप्रयोगशालेय मापन

डीएनए-क्षतीचे आंतरप्रयोगशालेय मापन म्हणजे पेशींमधील डीएनएला झालेली इजा निरनिराळ्या प्रयोगशाळांनी मोजली असता उत्तरे परस्परांशी जुळावीत, यासाठी केली जाणारी मापनपद्धतींची तुलना व प्रमाणीकरण होय. हा प्रश्न १९९० च्या दशकात विशेष तीव्र झाला. निरोगी माणसाच्या पेशीतील डीएनए स्वाभाविक स्थितीत किती प्रमाणात ऑक्सिडीकृत झालेले असते, या प्रश्नाच्या प्रकाशित उत्तरांमध्ये तेव्हा हजार पटींपर्यंत अंतर होते.

पार्श्वभूमी

श्वसनक्रियेत पेशींमध्ये ऑक्सिजनचे अतिक्रियाशील रेणू सतत तयार होतात. डीएनएच्या चार क्षारकांपैकी ग्वानीनवर त्यांचा परिणाम सर्वांत सहज होतो आणि त्यापासून ८-ऑक्सोग्वानीन बनते. पेशी त्याची दुरुस्ती करीत असते. परंतु दुरुस्तीपूर्वी पेशीविभाजन झाल्यास या क्षारकासमोर चुकीचा जोडीदार बसून उत्परिवर्तन घडू शकते. त्यामुळे कर्करोग, वार्धक्य, धूम्रपान, आहारातील प्रतिऑक्सिडीकारके, कारखान्यांतील रसायनांचा संपर्क अशा अनेक विषयांच्या संशोधनात ८-ऑक्सोग्वानीनचे प्रमाण हा निर्देशांक म्हणून वापरला जाऊ लागला. आहार बदलल्याने पडणारा फरक बहुधा लहानच असतो. ज्या मापाची स्वतःची चूक कित्येक पटींची आहे, त्याने असा फरक टिपता येणार नाही, हे उघड आहे.

मापनच क्षतीचे कारण

उत्तरांतील तफावतीचे मुख्य कारण अनपेक्षित होते. पेशीतून डीएनए वेगळे करताना आणि त्यावर रासायनिक प्रक्रिया करताना ते हवेतील ऑक्सिजनच्या संपर्कात येते व निरोगी ग्वानीनचेही ऑक्सिडीकरण होते. म्हणजे मोजली जाणारी इजा काही अंशी मोजणाऱ्यानेच केलेली असते. वायू वर्णलेखन व द्रव्यमान वर्णपटमापन यांच्या जोड पद्धतीत नमुना तापवून त्याचे बाष्पनशील संयुगात रूपांतर करावे लागते. या टप्प्यावर ८-ऑक्सोग्वानीनची कृत्रिम वाढ होते, असे १९९० च्या दशकाच्या मध्यास दाखविण्यात आले. विद्युत्-रासायनिक शोधक जोडलेल्या द्रव वर्णलेखनात हा धोका कमी असला, तरी डीएनए वेगळे करण्याच्या टप्प्यावर तो उरतोच. त्यावर उपाय म्हणून फिनॉलऐवजी सोडियम आयोडाइडचा वापर आणि लोहाचे अणू बांधून ठेवणाऱ्या डेफेरॉक्झामिनची भर, अशा सुधारणा सुचविण्यात आल्या.

एस्कॉड

या गोंधळाचा उलगडा करण्यासाठी १९९७ मध्ये डीएनएच्या ऑक्सिडीकारक क्षतीविषयी युरोपीय मानक समिती, संक्षेपाने एस्कॉड, हा प्रयोगशाळांचा गट स्थापन झाला. त्याचे समन्वयन स्कॉटलंडमधील अ‍ॅबर्डीन येथील रोवेट संशोधन संस्थेतून अँड्र्यू कॉलिन्स यांनी केले. गटाची कार्यपद्धती परीक्षेच्या उत्तरपत्रिका नावाऐवजी क्रमांकाने तपासण्यासारखी होती. एकाच ठिकाणी तयार केलेले नमुने केवळ सांकेतिक खुणा घालून सर्व प्रयोगशाळांकडे पाठविले जात. कोणत्या नमुन्यात किती क्षती आहे, हे तपासणाऱ्यास ठाऊक नसे. आरंभी शुद्ध संयुगाचे विद्राव, पुढे प्राण्यांच्या ऊतींतील डीएनए आणि नंतर हेला पेशी, असे नमुने क्रमाने अवघड होत गेले. हेला पेशींना प्रकाशसंवेदी रसायन देऊन त्यांवर कमीअधिक प्रकाश टाकला होता, जेणेकरून क्षतीची चढती श्रेणी मिळावी.

द्रव वर्णलेखन करणाऱ्या बहुतेक प्रयोगशाळांना ही चढती श्रेणी ओळखता आली; द्रव्यमान वर्णपटमापनावर आधारलेल्या निष्कर्षांत मात्र ती खात्रीलायकपणे दिसली नाही. महागडी व अत्याधुनिक उपकरणे असलेल्या प्रयोगशाळांच्या वाट्याला हे अपयश आले, ही बाब लक्षणीय आहे. अखेरीस स्वाभाविक प्रमाण दर दहा लाख ग्वानीनमागे सुमारे ०.३ ते ४.२ इतके असावे, असा अंदाज एस्कॉडने मांडला. माणसाच्या एका पेशीत अंदाजे अडीच अब्ज ग्वानीन असतात. त्या हिशेबाने हे प्रमाण दर पेशीत साधारण ७५० ते १०,००० ठिकाणे इतके होते. हजार पटींची तफावत अशा रीतीने चौदा पटींच्या आसपास आली. तथापि खालचा आकडा एंझाइमाधारित पद्धतींचा आणि वरचा द्रव वर्णलेखनाचा आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. वर्णलेखनात कृत्रिम ऑक्सिडीकरण थोडेफार शिल्लक असावे. उलट एंझाइम पद्धतीत शेजारी-शेजारी असलेल्या दोन क्षती एकच म्हणून मोजल्या जाऊ शकतात.

धूमकेतू चाचणी

एंझाइम पद्धतींपैकी सर्वाधिक प्रचलित असलेली धूमकेतू चाचणी ऑस्टलिंग व योहान्सन यांनी १९८४ मध्ये मांडली. तिचे आज रूढ असलेले अल्कधर्मी रूप नरेंद्र सिंग व सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केले. काचपट्टीवरील अ‍ॅगारोजच्या थरात पेशी बसवून त्यांची पटले विरघळवितात आणि थरातून वीजप्रवाह सोडतात. तुटलेले डीएनए धनाग्राकडे सरकते व सूक्ष्मदर्शकाखाली शेपटीच्या धूमकेतूसारखी आकृती दिसते. शेपटीत एकूण डीएनएचा जितका टक्का, तितकी क्षती अधिक. ८-ऑक्सोग्वानीन मोजण्यासाठी त्या जागी साखळी तोडणारे एफपीजी हे जीवाणूंतील एंझाइम आधी वापरतात. या पद्धतीत डीएनए पेशीबाहेर काढून शुद्ध करावे लागत नसल्याने कृत्रिम ऑक्सिडीकरण फारसे होत नाही.

तिची अडचण वेगळी आहे. शेपटीतील टक्केवारी अ‍ॅगारोजची संहती, अल्कधर्मी विद्रावात ठेवण्याचा काळ, दर सेंटिमीटरमागील व्होल्ट आणि प्रवाहाचा अवधी या सर्वांवर अवलंबून असते. एका प्रयोगशाळेतील २० टक्के म्हणजे दुसरीतील २० टक्के नव्हेत. मापाचा शेर गावोगावी वेगळा असे, तशीच ही स्थिती होय. त्यावर अंशशोधनाचा उपाय योजतात. गॅमा किंवा क्ष-किरणांच्या एक ग्रे मात्रेने एका पेशीत सुमारे १,००० एकपदरी तुटी होतात, हे ज्ञात आहे. म्हणून प्रत्येक प्रयोगशाळेने ज्ञात मात्रा दिलेल्या पेशी तपासून स्वतःचा आलेख काढावा व टक्केवारीचे रूपांतर तुटींच्या संख्येत करावे, अशी अपेक्षा असते. धूमकेतू चाचणीच्या प्रमाणीकरणासाठी स्थापन झालेल्या युरोपीय गटाने बारा प्रयोगशाळांत केलेल्या व २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत असे दिसले, की मात्रेनुसार क्षती वाढते हे सर्वांनी ओळखले. पण क्षतीचे आकडे बरेच भिन्न होते. स्वतःच्या आलेखाने अंशशोधन केल्यावर ही तफावत कमी झाली, मात्र संपली नाही.

आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने २०१४ मध्ये रसायनांच्या सुरक्षा-तपासणीसाठी प्राण्यांवरील धूमकेतू चाचणीचा मार्गदर्शक क्रमांक ४८९ स्वीकारला. शोधनिबंधात चाचणीचे कोणते तपशील दिलेच पाहिजेत, याविषयीच्या मिर्का या नावाच्या शिफारशी २०२० मध्ये प्रसिद्ध झाल्या. प्रवाहाचा अवधी व व्होल्ट यांसारख्या तपशिलांचाही त्यांत समावेश आहे.